रंगाऱ्याची तुती

आमच्या घरी माणसं हातांवरून ओळखू यायची. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात मनगटापर्यंत लाल. आईचे बोटांच्या पेरांपर्यंत. आणि माझे, मी लहान म्हणून, नुसते नखांच्या कडेला. आबा पागोटी रंगवायचे. घर कसब्यात, नदीकडे उतरणाऱ्या बोळात. मागच्या अंगणात चुलाणावर लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या रटरटत असायच्या आणि पुढच्या चुलीवर आईचं हुलग्याचं माडगं. दोन्ही वास असे मिसळून जायचे की लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावर मला तिथलं माडगं कितीतरी दिवस अळणीच लागलं. घाटावर कापड आपटल्याचा धप धप आवाज दिवसभर, आणि संध्याकाळ झाली की श्रीमंत पेशव्यांच्या वाड्यावरचा नगारा. तो वाजला की आबा हात धुवायचे. हात काही पांढरे व्हायचे नाहीत, पण धुवायचे.

लाल दोन जातींचा. आलाचा लाल पक्का. कापड फाटेल, पण रंग जायचा नाही. कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा, लाल दिसायला त्याहून देखणा, पण कच्चा. पापडखाराच्या पाण्यात बुडवा, की पिवळा पडलाच म्हणून समजा. पुष्कळ रंगारी कुसुंबा देऊन आल म्हणून खपवत. आबा कधी नाही. गिऱ्हाईक पागोटं न्यायला आलं की हे आपणहून सांगणार, "हा कच्चा आहे बरं का, सणापुरता बांधा." आई कपाळाला हात लावायची. "अहो, त्यानं विचारलं होतं का?" आबा म्हणायचे, "त्यानं विचारलं नाही म्हणून तर सांगितलं." त्यांच्या या वेडेपणावर आमचं घर चालत होतं. पुण्यात आबांनी पक्का म्हटलेला लाल कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे.

एक घर सोडलं तर. ते नेमकं माझं सासर निघालं. बुधवारात मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पागोट्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आबांचाच माल तिथं विकला जायचा. जात एक, धंदा जोडीचा, म्हणून सोयरीक झाली. पण त्या घराची एक रीत होती. दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू ओल्या बोटानं घासून बघायची. बोट जिभेला लावायचं, कापडावर घासायचं आणि मग ते बोट पांढऱ्या चिंधीवर पुसायचं. सासूबाई यात मामंजींच्याही वरताण. तूप घासत, कुंकू घासत, हळद घासत. भाजीवालीच्या वांग्यावरसुद्धा मी त्यांना बोट घासताना पाहिलं आहे. त्याला कारणही होतं म्हणा. फार पूर्वी एका सरदाराच्या घरच्या लग्नात यांच्या दुकानची पागोटी गेली आणि वरातीत घामानं रंग उतरून अर्धे वऱ्हाडी लाल ओघळ आलेल्या तोंडांनी मिरवले. पुणं ते. वर्षभर लोक दुकानावरून जाताना कपाळ पुसून दाखवत. तेव्हापासून सासूबाईंचा रंगावरचा विश्वास उडाला, आणि हळूहळू माणसांवरचाही.

माझं लग्न लहानपणीच झालं होतं. नांदायला जायचं ठरलं ते दसऱ्याला. त्याच्या आदल्या भाद्रपदात उत्तरेकडचा एक घोड्यांचा व्यापारी आबांकडे पागोटं रंगवून घ्यायला आला. त्याच्या हातात वेताचा लहानसा पिंजरा आणि त्यात चिमणीएवढं एक पाखरू. डोकं लाल, गळा लाल, छाती लाल, पाठीवरही लालीची झाक. तो तिला तुती म्हणायचा. त्यांच्याकडे हौसेनं पाळतात म्हणे, शिळेसाठी. शीळ गोड होतीच, पण आबांना शिळेचं काय! ते त्या लालाकडे बघत बसले. आलाचा नव्हे, कुसुंब्याचा नव्हे, मंजिष्ठेचा नव्हे. "असा लाल मला जन्मात साधला नाही," असं ते आईला म्हणाले, तेही दुखावल्यासारखं. पागोट्याच्या रंगणावळीत त्यांनी ते पाखरू मागून घेतलं. आईनं विचारलं, "आणि हे शिजवून खायचं का?" पुढे एका दुपारी मी त्यांना पाखरू मुठीत धरून रांजणापाशी बसलेलं पाहिलं. एका हातात तुती, दुसऱ्या हातात ओलं कापड. रंग जुळवून बघत असतील, असं मला वाटलं आणि मी खेळायला पळाले.

दसऱ्याला मामंजी मला न्यायला आले. फराळ झाला, पानसुपारी झाली, आणि निघताना ते थट्टेनं म्हणाले, "व्याही, सून नेतोय. तिच्याबरोबर तुमच्या घरचा सगळ्यात पक्का लाल द्या काहीतरी." पाच माणसांत म्हणाले. आबा आत गेले, पिंजरा घेऊन आले आणि मामंजींच्या हातात देऊन म्हणाले, "याहून पक्का लाल माझ्याकडे नाही. घासून बघा." सगळे हसले. मामंजींनी खरंच बोट ओलं करून पाखराच्या छातीवर घासलं, चिंधीवर पुसलं. चिंधी पांढरीच राहिली. आबांचा चेहरा असा फुलला होता! मलासुद्धा वाटलं, काय माझा बाप आहे! ते एक वाक्य त्यांनी गिळलं असतं तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं.

सासरी पिंजरा सोप्यावर टांगला. त्याचं दाणापाणी माझ्याकडे. राळे टाकायचे, अंबाडीचं बी टाकायचं, पाण्याची वाटी विसळायची. त्या परक्या घरात माझं म्हणावं असं ते एकच होतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी कापडाचे गठ्ठे टाकल्याचा आवाज यायचा, मग गजानं पागोटी मोजायचा, आणि या सगळ्यात मधेच तुतीची शीळ. मला बरं वाटायचं. दिवाळी सरली आणि एक दिवस पिंजऱ्याच्या तळाशी लाल पीस पडलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग पंखांतली लांब पिसं पडायला लागली. उजव्या पंखातलं एक पडलं की डाव्यातलं तसलंच एक. जोडीजोडीनं, जसं कुणी बेतून काढावं. छाती उसवल्यासारखी झाली. पाखरू फुगून, गप्प बसून राहायचं. शीळ बंद.

"बुलबुल कधी पिसं टाकतात?" सासूबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, "पावसाळ्यात, पिल्लं उडाली की." "साळुंक्या?" "त्यापण तेव्हाच." "शेजारच्यांचा पोपट?" "तोपण." "मग हे पाखरू कार्तिकात कसं काय टाकतंय?" मला काय ठाऊक! पण त्यांनी असं विचारलं की जणू मीच एकेक पीस उपटत होते. मला उलटा संशय. मी दुपारी काम करता करता सोप्याकडे नजर ठेवायची, की सासूबाईच तर काही करत नाहीत ना? एकदा त्या पिंजऱ्याशी उभ्या दिसल्या आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उगाच पुढे गेले. त्या म्हणाल्या, "का गं, माझ्यावर पहारा आहे वाटतं?" होताच. त्यांचाही माझ्यावर होता. एका सोप्यावर एका पाखराभोवती आम्ही दोघी बायका मांजरांसारख्या घुटमळत होतो.

मग नवी पिसं आली. मार्गशीर्षाच्या थंडीत एकेक कोंब फुटला, आणि फुटला तो पिवळट मातकट! डोकं मातकट, छाती वाळल्या गवताच्या रंगाची. लालाचा मागमूस नाही. सासूबाईंनी मामंजींना वर बोलावलं. मामंजी पिंजऱ्यापाशी वाकले आणि एवढंच म्हणाले, "कुसुंबा उतरला की असाच पिवळा पडतो." झालं. त्या दिवसापासून मी नवी सून राहिले नाही. रंगाऱ्याची पोर झाले. माझी माहेरची लुगडी पापडखाराच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली. सासूबाईंनी एका सकाळी मला समोर बसवलं आणि रिठ्याच्या फेसानं माझं तोंड खसाखसा धुतलं. हळद चोपडून गोरी केलेली नाही ना, ते बघायला! लुगड्यांचा रंग गेला नाही. माझ्या तोंडाला तर जायला रंगच नव्हता. तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं मुरवलंय." आज हसू येतं. तेव्हा मी न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. पडलेली लाल पिसं मी एका फडक्यात जपून ठेवली होती, तीसुद्धा त्यांनी अशुभ म्हणून चुलीत टाकली.

आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही किडा शिरलाच. ती दुपार आठवायला लागली. रांजण, मुठीतलं पाखरू, ओलं कापड. रंगवलेली पिसं झडली आणि आतली खरी उगवली, हे इतकं चपखल बसत होतं की दुसरं काही सुचेना. जो माणूस चारचौघांत कच्च्याला कच्चा म्हणतो, तो एकट्यात काय करतो हे कुणाला माहीत? मी सासूबाईंच्या तालमीत चांगलीच तयार होत होते.

संक्रांतीला आबा वाण घेऊन आले. माझा पहिला सण म्हणून काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, गुळाच्या पोळ्यांची दुरडी, सगळं आईनं जीव लावून पाठवलेलं. आबांनी नवं धोतर नेसलं होतं आणि त्यातून ते लाल हात बाहेर आलेले. पाय धुऊन बसतात न बसतात तोच सासूबाईंनी पिंजरा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. "व्याही, दसऱ्याला आपण काय म्हणाला होतात, आठवतं ना?"

आबांनी वाकून बघितलं. दार उघडून पाखरू मुठीत घेतलं, पंख पसरले, पोटाची पिसं फुंकून मुळापर्यंत पाहिली. बोट ओलं करून घासलं आणि आपल्याच उपरण्यावर पुसलं. काही नाही. कापडाचा पोत चुकला की त्यांच्या कपाळावर जशी आठी पडायची तशी पडली. मग त्यांनी मला विचारलं, "गोदे, हे तेच पाखरू का गं?"

मी म्हटलं, "तेच."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आपली लबाडी पोरीला कळली की काय, हे ते चाचपून बघतायत. मी मान खाली घातली.

मामंजी शांत आवाजात बोलायला लागले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "व्याही, यात दोनच गोष्टी संभवतात. पाखरू रंगवलेलं होतं आणि रंग उतरला, तर चूक तुमची. रंगवलेलं नव्हतं, तर मग हे ते पाखरू नव्हे. ते कुठं गेलं आणि हे कुणी आणून ठेवलं, ते शोधायला हवं. पिंजऱ्याला या घरात हात फक्त सूनबाईंचा."

"आणि तसं असेल," सासूबाई म्हणाल्या, "तर हिला आजच आपल्याबरोबर घेऊन जा. घरी नेऊन काय ते विचारा. मग पाठवायचं की नाही ते आम्ही बघू."

मी तिथंच दाराशी हलव्याचे दागिने हातात घेऊन उभी होते.  परत पाठवलेल्या मुलीचं काय होतं ते मी आमच्याच बोळात पाहिलं होतं. तिला कुणी वाईट बोलत नसत. कुणी बोलतच नसत. हे, म्हणजे माझे यजमान, जिन्यात उभे होते. सतरा वर्षांचे. त्यांनी तोंड उघडलं आणि मामंजींनी नुसतं बघितलं तसं मिटलं.

आबांनी पाखरू परत पिंजऱ्यात सोडलं. दार नीट लावलं. आणि म्हणाले, "मी रंगवलं होतं."

"कशात?" मामंजींनी विचारलं. धंद्यातला माणूस, त्याला नुसतं हो पुरत नाही.

"कुसुंब्यात."

"आणि मला पक्का म्हणून दिलंत?"

"दिलं."

सासूबाईंनी सुस्कारा टाकला. समाधानाचा होता तो. त्यांचा संशय खरा ठरला होता. मामंजी उठून खाली दुकानात गेले. आबा पाण्याच्या घोटालाही थांबले नाहीत. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट राहा." मी मान वर केली नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की तो हात झटकावासा वाटला.

मी सासरी राहिले. पण आबांचा लाल बुडाला. मामंजींनी त्यांचा माल बंद केला तो केलाच, पण बुधवारात एका दुकानात झालेली गोष्ट कसब्यात पोचायला किती वेळ लागतो? माणसं थांबून आबांना विचारत, "काय हो, चिमण्या रंगवायचं काय घेता?" कावळा धरून आणणारा महाभागही एक निघाला.  पुढे आबांनी लाल सोडून दिला. चुलाण विझवलं, निळीचे रांजण जमिनीत बसवले आणि खेडुतांची धोतरं-घोंगडी निळी-काळी करून द्यायला लागले. नागपंचमीला मी माहेरी गेले तर त्यांचे हात निळे. ते बघून मला कसंतरीच झालं. तरी मी पाखराचा विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. जेवायला बसलो की ते माझ्या पानात लोण्याचा गोळा वाढायचे आणि मी गप्प गिळायची. मला वाटायचं, आबा खजील आहेत. होऊ दे खजील.

माझ्या यजमानांना मात्र ती संक्रांत पचली नव्हती. हे बोलायला कमी. पण एकदा मनात घेतलं की सोडायचे नाहीत. दुपारी दुकान जरा शांत असलं की गठ्ठ्यांवरची अक्षरं बोटानं दाखवून मला वाचायला शिकवायचे. आज हे लिहिते आहे ती त्यांचीच कृपा. असंच एकदा अक्षरं गिरवताना म्हणाले, "तुझे वडील खोटं बोलले, असं मला वाटतं." मी म्हटलं, "तेच तर सगळं पुणं म्हणतंय." "तसं नव्हे," हे म्हणाले, "दसऱ्याला खरं बोलले आणि संक्रांतीला खोटं."  आमच्या घरात भला संशय घेणारं माणूस मला पहिल्यांदाच दिसलं होतं.

आश्विन लागला तसे हे पाखरं धरणाऱ्या एका पारध्याबरोबर बिबवेवाडीच्या जोंधळ्यात गेले. दिवसभर बांधावर बसले. कणसांवर पाखरांचे थवे उतरत, त्यांत अशा लाल तुत्या होत्या. यांच्या डोळ्यांदेखत जाळं पडलं, यांच्याच हातानं पाखरू पिंजऱ्यात गेलं आणि पिंजरा थेट सासूबाईंच्या पुढ्यात आला. "आई, यानं रंगाऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. घे, घास." सासूबाईंनी घासलं. लिंबू पिळलं. शेपटीचं पीस उपटून पापडखारात ठेवलं. सकाळी ते होतं तसं लाल. "बरं," त्या म्हणाल्या, "आता बघू." पिंजऱ्याच्या दाराला त्यांनी आपल्या हातानं दोरा बांधला, त्यावर लाख लावली, आणि दाणापाणी स्वतः गजांतून घालायला लागल्या. दिवाळी झाली. पिसं गळायला लागली, उजव्या पंखातलं एक, डाव्यातलं एक. मार्गशीर्षात नवी आली. पिवळट मातकट. सोप्यावर दोन पिंजरे शेजारी शेजारी, आणि कुठलं जुनं कुठलं नवं ते सांगता येऊ नये इतकी दोन्ही पाखरं सारखी.

पुढे सगळं आयुष्य मी या पाखरांवर डोळा ठेवला. जात संशयी, त्यामुळे बघायची सवय लागली ती सुटली नाही. आता मला ठाऊक आहे की लांबून येणारी पाखरं पिसं बदलण्याच्या बाबतीत एका वळणाची नसतात. शेपटी हलवत नदीकाठी फिरणारे परीट पक्षी घरूनच नवं नेसून निघतात. इथं येतात तेव्हा पीस न् पीस कोरं. आणि परत जायच्या आधी, फाल्गुनाच्या सुमाराला, पुन्हा तोंडाचा रंग तेवढा बदलून घेतात. तुतीचं तसं नाही. ती अंगावरच्या जुनेऱ्यातच एवढा प्रवास करते, पिसांच्या कडा झिजलेल्या असतात, आणि इथं पोट भरायला लागलं की मग सावकाश सगळं उतरवून नवं घालते. आमच्या बुलबुलांना कुठं जायचं नसतं. ते पिल्लं उडाली की पावसाळ्यातच मोकळे होतात. ज्याची जशी वाट तसं त्याचं बदलणं. रानात राहिलेली तुती कार्तिकानंतरही लालच असते. आधी जरा मळकट गुलाबी, आणि चैत्रात परत जायच्या वेळेला भडक. पिंजऱ्यातल्या तुतीला मात्र तो लाल पुन्हा कधी येत नाही. का, ते मला कळलेलं नाही. रानात ती असं काही खात असेल जे आपण वाटीत घालत नाही. हल्ली विलायती लाल कापड गठ्ठ्यांनी येतं आणि लोक ते न घासता घेतात, ते बघून मला सासूबाईंची आठवण येते.

तर सासूबाई त्या दोन पिंजऱ्यांपुढे उभ्या होत्या. मला वाटलं, आता चुकलं म्हणतील. त्यांच्या तोंडून ते आयुष्यात निघालं नाही. त्यांनी दोन्ही पाखरांकडे आळीपाळीनं बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुझ्या बापानं रंगवलं नव्हतं."

"नाही."

"मग रंगवलं असं का म्हणाला? पुण्यात नाव घालवून घ्यायची हौस होती की काय?" मग त्या म्हणाल्या, "यात काहीतरी आहे. जा, विचारून ये." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याबरोबर माहेरी द्यायला शेंगदाण्याचे नव्हे, साजूक तुपातले लाडू बांधून दिले.

मी त्याच दिवशी कसब्यात गेले. बोळात शिरल्यापासून धावतच गेले म्हणा ना. आबा अंगणात निळीच्या रांजणावर वाकून धोतर बुडवत होते. आई घाटावर गेली होती. मी धापा टाकत म्हटलं, "आबा, यांनी रानातली तुती आणली. ती पण पिवळी झाली. घरात सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही रंगवलंच नव्हतं."

ते धोतर पिळत राहिले. "नव्हतंच रंगवलं."

"मग का म्हणालात तसं? इतकं सगळं झालं, लाल सोडावा लागला, लोक कावळे घेऊन आले, का म्हणालात?"

"आता कशाला ते, गोदे? झालं गेलं." मी हलले नाही. तेव्हा त्यांनी धोतर रांजणाच्या काठावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पोर होतीस. दार उघडं राहिलं असेल, उडून गेलं असेल. भीतीनं कुठून तरी दुसरं आणून ठेवलं असशील. मी तुला विचारलं तेव्हा तू तेच म्हणालीस. मग मी तरी काय करणार होतो? तुला चारचौघांत खोटी पाडू?"

 गेल्या संक्रांतीपासून मी ज्याला लबाड समजत होते तो माणूस, मी लबाड आहे असं समजून, माझ्यासाठी लबाड झाला होता. आणि मला लोणी वाढत होता.

"आबा," मी म्हटलं, "मी नव्हतं बदललं. ते तेच होतं."

त्यांनी मान वर केली. "तेच होतं?"

"तेच होतं, आबा."

ते मटकन खाली बसले. मला वाटलं, गेलेलं नाव आठवलं असेल, गेलेला धंदा आठवला असेल. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. म्हणाले, "म्हणजे तू खरं बोलली होतीस. माझी पोर खरं बोलली होती."